मयताला विचारा

चांगला दिग्दर्शक आणि थोर दिग्दर्शक यांच्यात फरक काय, हे लोक समीक्षकांना विचारतात, नटांना विचारतात, झालंच तर कॅमेरामनला विचारतात. मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. वास्तविक मी एकतीस वर्षं सिनेमात आहे, आणि या एकतीस वर्षांत नुसतं पडून राहणं आणि ऐकणं याशिवाय दुसरं काही केलेलं नाही. मी मयताची कामं करतो.

हसा, हसा. सगळेच हसतात. मग म्हणतात, "त्यात काय अवघड आहे? नुसतं पडायचं तर असतं!" अहो, एकदा पडून दाखवा. चार मिनिटं. नाकाच्या शेंड्यावर माशी, डोक्यावर तापलेला दिवा आणि छातीवर डोकं आपटून आपटून रडणारा एखादा धष्टपुष्ट नट. श्वास घ्यायचा तो पाठीनं, पोट जागचं हलता कामा नये. पापणी मिटली तरी आतलं बुबुळ फिरतं आणि ते बाहेरून दिसतं, हे किती जणांना माहीत आहे? मी डोळे मिटले की नजर स्वतःच्या नाकावर रोखून धरतो. ही युक्ती माझी स्वतःची, कुणाच्या बापानं शिकवलेली नाही. बुडून, भाजून, गोळी लागून, विष पिऊन आणि निव्वळ म्हातारपणानं असा मी एकशे बारा वेळा मेलो, आणि एकशे बारा वेळांत एकदाही हललो नाही. या धंद्यात मला मयतराव म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर.

तर सांगायचं म्हणजे, चांगला दिग्दर्शक मयताला उशी देतो. दोन शॉटच्या मधे येऊन विचारतो, "काका, अवघडलात का? चहा सांगू?" त्याला काय हवंय ते त्याच्या वहीत लिहिलेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत वहीतलं सगळं त्याला मिळतं. असे मला पुष्कळ भेटले. त्यातला एक तर इतका वक्तशीर की त्याला सगळे घड्याळ म्हणतात. घड्याळच्या सिनेमात मी नऊ वेळा मेलो. नऊच्या नऊ वेळा सहाच्या आत घरी. माणूस म्हणजे सोनं. त्या नऊ सिनेमांतला एकही मला आता आठवत नाही, हा भाग वेगळा.

थोर दिग्दर्शक मला आयुष्यात एकच भेटला. त्यांना सगळे थोरले म्हणत. त्यांच्याकडे मी नदीकाठी बुडालेला पडलो होतो, अर्धा पाण्यात आणि अर्धा चिखलात. थोरले आले, उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुम्ही पाय घसरून पडलात की उडी मारलीत?"

मी म्हटलं, "साहेब, मी मेलोय."

"ते दिसतंय मला. कसे मेलात ते विचारतोय."

आता काय सांगणार? मी पडल्या पडल्या विचार करायला लागलो. उडी मारली असेल तर का मारली असेल, घरी कोण असेल, वगैरे. आणि शपथेवर सांगतो, काहीही न हलवता माझं मयत बदललं. थोरल्यांनी एकदा बघितलं, शॉट घेतला आणि जेवायला निघून गेले. मला उठायला सांगायचं विसरले. मी तासभर पाण्यात! आठवडाभर खोकत होतो आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. पण तो सिनेमा लागला की अजून जातो बघायला. माझा पाय दिसतो त्यात, डावा, आणि तो पाय बघून लोक गप्प होतात.

तेव्हापासून माझं ठाम मत होतं की थोर माणसाला दयामाया नसते. आणि म्हणूनच आमच्या कन्येनं जेव्हा जाहीर केलं की मी दिग्दर्शक होणार, तेव्हा मी कपाळाला हात लावला. कारण पोरगी भारी मऊ. लहानपणी खुर्चीला पाय लागला तर खुर्चीला सॉरी म्हणायची. बारा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ही एकोणीस वर्षांची होती. आल्यागेल्याला पाणी दे, कुणाला बसायला दे, कुणाची चप्पल शोधून दे, हेच करत होती. डोळ्यातून टिपूस नाही. मी म्हटलं, ही चांगली होणार. फार चांगली होणार. उशा वाटत फिरणार जन्मभर.

तिचा हा पहिला सिनेमा. सुरुवातच बापाच्या मरणानं होते. बाप मेलाय, मुलगी शेजारी बसलीय, आणि तिथून पुढे दोन तास ती मुलगी काय काय करते त्याची गोष्ट. मयताचं काम मला दिलं होतं. वशिला म्हणा हवं तर, पण माझ्याहून चांगलं मयत तिला दुसरीकडे मिळालंही नसतं.

शूटिंग एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होतं. आतली खोली, लोखंडी पलंग, पश्चिमेची खिडकी. स्वयंपाकघरातून आलेल्या वायरी पलंगाखालून गेलेल्या. निर्माते बाहेर पॅसेजमध्ये मॉनिटरसमोर खुर्ची टाकून बसलेले. आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर, गुडघ्यावर वही ठेवून, कोण बसलं असेल? घड्याळ!

मी पलंगावर आडवा होत होतो तेव्हाच निर्मात्यांचा आवाज आला. त्यांना हळू बोलता येत नाही. "मॅडम, पहिल्याच आठवड्यात तुम्ही तीन दिवस मागे आहात. हा सीन आज चारपर्यंत झाला तर ठीक. नाही झाला तर उद्यापासून हे साहेब सिनेमा पुरा करतील. राग मानू नका, पण मला सिनेमा हवाय."

"नाही सर, राग कसला," आमची कन्या म्हणाली. बघा! जो माणूस हातातला सिनेमा काढून घेतोय त्याला ही विचारतेय, "सर, पंखा इकडे वळवू का, तुम्हाला उकडत असेल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मयताला तोंड उघडता येत नाही.

काम सुरू झालं. नटी मोठी होती, पट्टीची रडणारी. तिनं पहिल्याच टेकला विचारलं, "कुठल्या डोळ्यातून काढू?" मी म्हटलं, व्वा, ही आपल्यातली. धंदा येतो हिला. पहिल्या टेकला डावा डोळा, दुसऱ्याला उजवा, तिसऱ्याला दोन्ही आणि वर एक हुंदका. तिसऱ्याला पॅसेजमधून टाळ्या आल्या.

"छान झालं," कन्या म्हणाली. "एकदा परत करू या?"

चौथा. पाचवा. नटीनं माझ्या छातीवर डोकं टेकलं, मग कपाळावर कपाळ टेकलं, मग पायाशी बसून बघितलं. प्रत्येक टेकनंतर कन्येचं तेच. "छान झालं. परत." सातव्यानंतर निर्माते खोलीत आले. दोन वाजून गेले होते, कुणी जेवलं नव्हतं.

"अहो मॅडम, सातही टेक ओके आहेत! कुठलाही उचला!"

"सातही चांगले आहेत सर," ती म्हणाली. "म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"माहीत नाही सर अजून."

माहीत नाही! असं कुणी कबूल करतं का, तेही निर्मात्यासमोर, तेही त्या वहीवाल्यासमोर? मला वाटलं, उठावं आणि सांगावं, बाई गं, तिसरा घे आणि मोकळी हो. चांगल्या दिग्दर्शकांचंही पोट भरतं, मुलंबाळं शिकतात, सहाच्या आत घरी येतात. थोर व्हायचा हट्ट तुझा नाही, माझ्या डोक्यातलं खूळ आहे ते. पण माझा जीव असा टांगणीला लागलेला असताना मी काय करत होतो? नाकाच्या शेंड्याकडे बघत, पाठीनं श्वास घेत, पडलो होतो.

मग पलंग किंचित खचला. ती माझ्याशेजारी येऊन बसली होती. मयताला नजर कळते, हे तुम्हाला खोटं वाटेल, पण कळते. ती माझ्या हाताकडे बघत होती. बराच वेळ. खोलीत कुणीतरी घसा खाकरला. मग ती उठली, नको ती माणसं बाहेर घालवली, आणि कॅमेऱ्याची गाडी सरकल्याचा आवाज आला. नटीच्या कानात ती काहीतरी कुजबुजली. नटी म्हणाली, "एवढंच?" ही म्हणाली, "एवढंच. रडायचं नाही."

आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही नेहमीसारखंच."

हे काय सांगायला हवं? मी जरा फुरंगटलोच.

आठवा टेक. नटी येऊन बसली. रडली नाही. माझा हात तिनं हातात घेतला. आता, पडून पडून माझी करंगळी जरा वाकडी झाली होती. तिनं ती सरळ केली. मग शेजारचं बोट सरळ केलं. मग तिसरं. एकेक बोट नीट चादरीवर मांडलं. माझ्या मनात आलं, ही काय करतेय, मागच्या टेकशी हात जुळणार नाही. आणि एवढ्यात ती अगदी साध्या आवाजात, चहा झालाय सांगावं तसं म्हणाली, "झालं बाबा. ओके आहे. उठा आता."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आता सांगतो. हिची आई गेली ती सकाळी, घरीच. खूप दिवस आजारी होती. पोरगी औषध आणायला खाली गेली होती, खोलीत मी एकटा. बायको गेली हे मला लगेच कळलं. मला नाही कळणार तर कुणाला? आणि मी काय केलं? रडलो नाही, कुणाला हाक मारली नाही. तिची बोटं वाकडी झाली होती, ती मी एकेक करून सरळ केली. धंद्याची सवय. मयताचा हात असा दिसत नाही, असा दिसतो. आणि मग मी तिला म्हटलं, "झालं. ओके आहे. ऊठ आता." शॉट संपला की कुणीतरी खांद्याला हात लावून मला हेच म्हणतं. मला जगातलं सगळ्यात गोड वाक्य वाटतं ते. म्हणून म्हटलं. आणि म्हटल्यावर मी वाट बघत बसलो.

तर आठव्या टेकला ते वाक्य माझ्या कानात पडलं आणि मी म्हणालो, "हो."

मोठ्यानं. आणि नटीचा हात घट्ट धरला.

एकतीस वर्षं, एकशे तेरा मरणं, आणि मयत 'हो' म्हणालं. पोरीच्या पहिल्या सिनेमात. ज्या शॉटवर तिचं सगळं लटकलंय त्या शॉटमध्ये! मला वाटलं आता 'कट' येईल, आता येईल. आलाच नाही. नटीचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मग तिच्या गळ्यातून एक आवाज आला, हसण्याचा नाही, रडण्याचाही नाही. मग ती अगदी हळू, कुणी न सांगता म्हणाली, "उठा ना."

बऱ्याच वेळानं आमच्या कन्येचा आवाज आला, "कट."

मी ताडकन उठून बसलो. "माझं चुकलं! परत घे, लगेच घे, आता मेलो तरी हलणार नाही!"

कॅमेरामन फिसकन हसला. निर्माते धावत आत. "मयत बोललं! मॅडम, मयत बोललं! आयुष्यात कधी न हललेला माणूस, नेमका माझ्याच सिनेमात बोलला!"

"झाला सर," ती म्हणाली.

"काय झाला?"

"शॉट. बाबा फ्रेममध्ये नव्हतेच. कॅमेरा फक्त हिच्या चेहऱ्यावर होता. त्यांचा 'हो' नंतर पुसून टाकता येईल."

सगळे पॅसेजमध्ये मॉनिटरकडे पळाले. मीही चादर गुंडाळून मागून टाचा उंच करून बघितलं. पडद्यावर नटीचा चेहरा. ती म्हणते, उठा आता. आणि मग त्या चेहऱ्यावर जे येतं... माझ्याकडे शब्द नाहीत. मेलेला माणूस उठेल असं जिला एक क्षणभर खरोखर वाटलं, तिचा चेहरा होता तो. आणि मग तो उठत नाही, हेही. निर्माते दोनदा बघूनही काही बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

घड्याळ स्टुलावरून उठला. त्यानं वही पिशवीत टाकली. "'हो' म्हटल्याबरोबर मी कट म्हटलं असतं," तो निर्मात्यांना म्हणाला. "पुढचा टेक घेतला असता आणि तो चांगला आला असता." मग आमच्या कन्येकडे वळून त्यानं मान हलवली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि जिना उतरून गेला. माणूस सोनं आहे, मी आधीच म्हटलंय.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण एकीकडे डोकं तापलं होतं. मी तिला हाताला धरून त्या रिकाम्या खोलीत नेली.

"मला विचारायचं तरी होतंस!"

"विचारलं असतं तर तुम्ही तयारी करून पडला असतात बाबा. हलला नसतात."

म्हणजे! मी हलणार हे हिला माहीत होतं. हिनं ते धरूनच कॅमेरा फिरवला होता. माझी एकतीस वर्षांची अब्रू हिनं एका शॉटसाठी खर्ची घातली होती, आणि तोंडावर म्हणत होती, "बाबा, तुम्ही नेहमीसारखंच!" खुर्चीला सॉरी म्हणणारी ती हीच!

"आणि ते वाक्य? ते तुला कुठून कळलं? त्या दिवशी तू खाली गेली होतीस."

"आले होते परत. दारात होते."

मी वळून खोलीच्या दाराकडे बघितलं.

"तुम्ही आईला ऊठ म्हणालात. आणि मग खरंच वाट बघत बसलात. पाच मिनिटं. मला वाटलं, आई खरंच उठते की काय."

"आणि तू? तू काय करत होतीस?"

"बघत होते," ती म्हणाली.

आई जाऊन पाच मिनिटं झालेली, एकोणीस वर्षांची पोर दारात उभी, आणि बघत होती. बापाचे हात, आईची बोटं, बापाचं तोंड. बारा वर्षं ते तसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं तिनं. मला तिची चक्क भीती वाटली. मग वाईट वाटलं. केवढं ओझं घेऊन फिरत होती ही, सगळ्यांना पंखे वळवून देत! आणि मी शहाणा म्हणत होतो, पोरगी मऊ आहे.

"आणि रडलीस कधी?" मी विचारलं.

"राहिलंच ते," ती म्हणाली, आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

मी तिला जवळ ओढली. चादरीसकट. आणि माझी ती दिग्दर्शक लेक, बारा वर्षांचं सगळं, माझ्या खांद्यावर मोकळं करायला लागली. हमसून हमसून. नाक वाहतंय, श्वास लागतोय, कसलाही डावा डोळा नाही की उजवा नाही. मीही रडलो, कबूल करतो. दारात कॅमेरामन आणि दोघंतिघं येऊन थबकले, त्यांना कळेना आत यावं की परत फिरावं. मी त्यांना हातानं खुणावलं, जा म्हणून. म्हटलं, रडू दे पोरीला, जगातलं सगळं काम बाजूला राहू दे आज.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरचं तिचं डोकं किंचित वळलं. खिडकीकडे. हुंदका चालूच होता, पण मला कळलं, डोळा उघडलाय.

"दादा," ती रडता रडता कॅमेरामनला म्हणाली, "पलंगावर ऊन आलंय बघा. गादीवरची चादर विस्कटलेलीच राहू दे, कुणी हात लावू नका. दोन मिनिटांत जाईल ते, लवकर लावा."

मी तिला सोडलं. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि ती कॅमेऱ्याकडे गेली.